फुगणारा डिंक प्लास्टिकचा नसतो

"खरा डिंक पाण्यात पूर्ण विरघळतो, फुगून जेलीसारखा होतो तो प्लास्टिकचा," असा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. तो वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी चांगला पावशेर कतिरा, म्हणजे पाण्यात फुगणारा डिंक, कचऱ्यात टाकला. जीव हळहळला, म्हणून हे लिहितेय.

मेसेज चुकीचा आहे. बाभूळवर्गातल्या झाडांचा डिंक विरघळतो, अगदी पाण्याच्या वजनाइतका घातला तरी. धावड्याचा अर्धवट विरघळतो. कतिऱ्याचा मात्र बराचसा भाग विरघळतच नाही, पाणी शोषून फुगतो. परवा लक्ष्मीपुरीतून आणलेला चमचाभर कतिरा रात्री भिजत घातला. सकाळी वाटी काठोकाठ भरलेली, हात लावला की थरथरणारी. कांडोळाचा डिंकही असाच फुगतो. जुना झाला की त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, कारण त्याच्यातून हळूहळू अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. तो वास प्लास्टिकचा नव्हे.

शंका असेल तर खडा चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. डिंक म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या. तो वितळत नाही. काळा पडतो, कोळसा होतो आणि जळक्या साखरेसारखा वास येतो. पिशव्या-बाटल्यांचं प्लास्टिक वितळून थेंब गळतात.

एक काळजी मात्र खरंच घ्या: कतिरा कोरडा कधीच खाऊ नका, घशात फुगून अडकू शकतो. भरपूर पाण्यात रात्रभर भिजवूनच द्या.