उलटी चांदणी म्हणजे सैतानच असं नाही

एका लेखात उलट्या (एक टोक खाली असलेल्या) पंचकोनी चांदणीला सरसकट सैतानाचं चिन्ह म्हटलंय, ते विक्का या आधुनिक जादूटोणा-पंथापुरतं तरी चूक आहे. सुलट-उलट असा चांगल्या-वाइटाचा भेद १९व्या शतकात फ्रान्समधल्या एलिफास लेव्ही या गूढविद्येच्या लेखकाने रुजवला. जेराल्ड गार्डनरच्या, म्हणजे विक्कातल्या गार्डनेरियन परंपरेत उलटी चांदणी दुसऱ्या दीक्षेची खूण आहे.

विधीत चांदणी हवेत काढतात, तेव्हा जास्त महत्त्व रेघ कुठून सुरू होते याला. वरचं टोक आत्मतत्त्व, डावीकडे वर वायू, उजवीकडे वर जल, खाली डावीकडे पृथ्वी, उजवीकडे अग्नी. पृथ्वीला बोलावताना अथामे, म्हणजे विधीचा सुरा, वरच्या टोकापासून खाली डावीकडे न्यायचा. निरोप देताना डाव्या खालच्या टोकापासून वर. पाच रेघा न थांबता ओढून सुरुवातीच्याच टोकाला यायचं. नवख्यांचा घोळ होतो तो वायू आणि जलात: जलाचं आवाहन आणि वायूचं विसर्जन यांची रेघ एकच, डावीकडून उजवीकडे. तिथे कोणत्या तत्त्वाला उद्देशून बोलतोय हे मनात पक्कं हवं. हे आवाहन-विसर्जनाचं शास्त्र मुळात १८८८ च्या गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या गूढविद्या-संघटनेचं, विक्काने ते तिथून उचललं.

वेदीवरची चांदणीची तबकडी घरी करायची तर २० सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा, कंपासमध्ये ११.७५ सेंमी अंतर घेऊन परिघावर पाच खुणा करा आणि एकाआड एक जोडा. नुसत्या अंदाजाने केलेली चांदणी हमखास तिरकी होते. मीठ आणि पाणी याच तबकडीवर ठेवून शुद्ध करतात, म्हणून कागदी नको, लाकडी किंवा तांब्याची घ्या.