‘खऱ्या मित्राला कधी फोन केलाय का?’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘लाइफ इज स्ट्रेंज’ या गेमवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, यातल्या निर्णयांना अर्थ नाही, कारण शेवटी नायिका मॅक्सच्या क्लोई या मैत्रिणीला वाचवा नाहीतर गावाला, एवढंच उरतं. भंगारात बाटल्या शोधायला लावणं रटाळ आहे. शेवटच्या भागाचा महिना मी चुकवलाय. आणि मग हे वाक्य: ‘बाळा, खेळातल्या खोट्या पोरीसाठी डोळे पुसणाऱ्यांनी खऱ्या मित्राला कधी फोन केलाय का?’

महिन्याचं तुमचं बरोबर. पाचवा भाग ऑक्टोबर २०१५ मध्ये आला, मी डिसेंबर लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. बाटल्यांचंही मान्य, पाचवी बाटली सापडेपर्यंत मीही वैतागलो होतो.

आता ‘बाळा’. मी ३४ वर्षांचा आहे. मला बाळा म्हणणारी माझी आजी होती, तिच्यानंतर तो हक्क मी कुणाला दिलेला नाही. इथे लोक माझ्याशी कडकडून भांडतात आणि मी आजवर एकही प्रतिक्रिया उडवलेली नाही. पण समोरच्याला टपली मारायची आणि वर त्याला परखडपणा म्हणायचं, हे मला जमत नाही आणि खपतही नाही. गेम यूट्यूबवर ‘पळवत पळवत’ पाहिला हे तुम्हीच लिहिलंय. पळवत पाहिलेल्या गोष्टीवर इतक्या ठामपणे बोलायला मला लाज वाटली असती.

राहिला फोन. नाही केला.

सप्टेंबर २००८ मध्ये नाशिकला गोदेला पूर आला तेव्हा मी आणि माझा मित्र अकरावीत होतो. क्लास बुडवून होळकर पुलावर गेलो, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघायला. त्याच्या मोबाइलवर काढलेला फोटो अजून माझ्याकडे आहे. दोघं चिंब भिजलेले, मागे नुसतं गढूळ पाणी. २०१० मध्ये मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो, तो रविवार कारंजावर वडिलांच्या दुकानात बसायला लागला. भांडण वगैरे काही नाही. आज करू, उद्या करू, असं करत राहिलं ते राहिलंच. २०१३ च्या दिवाळीत त्याचा मिस्ड कॉल दिसला. चार जणांत बसलो होतो, उलट फोन केला नाही. पुढच्या जानेवारीत तो काविळीने गेला. मी पुण्याहून पोचेपर्यंत मंडळी अमरधामहून परतली होती.

गेम मी २०१६ मध्ये खेळलो. ऑरेगनमधलं अर्केडिया बे हे गाव, आणि ५ वर्षांनी सिॲटलहून तिथे शिकायला परत आलेली १८ वर्षांची मॅक्स. २००८ मध्ये क्लोईचे वडील अपघातात गेले, त्याच सुमाराला मॅक्सच्या घरच्यांनी गाव सोडलं. मैत्रिणीला सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा ही गेली, आणि नंतर ना फोन, ना मेसेज. परत आली तरी आपणहून भेटायला गेली नाही, भेट झाली ती योगायोगाने. क्लोई आपल्या खोलीत हे तिला ऐकवते तेव्हा मी गेम थांबवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तुमचा प्रश्न या गेमने मला तुमच्या कितीतरी आधी विचारला होता, आणि तुमच्यापेक्षा सभ्यपणे.

मॅक्सला वेळ मागे फिरवता येते. पुढे ती एका जुन्या फोटोतून २००८ मध्ये जाते आणि गाडीच्या किल्ल्या लपवते. क्लोईचे वडील वाचतात. पण ती परत येते तेव्हा त्या दुसऱ्या आयुष्यात क्लोईच अपघातामुळे मानेखाली लुळी पडलेली असते. त्या रात्री पुलावरचा तो फोटो समोर ठेवून मी पहाटेपर्यंत जागा होतो. हे ज्याला ‘खोट्या पोरीसाठी डोळे पुसणं’ वाटतं, त्याच्याशी मी आणखी काय बोलू?

निर्णयांना अर्थ नाही, हा आक्षेप २०१५ पासून चघळून चोथा झालाय, त्यात मला शिरायचं नाही. एकच आठवण करून देतो. दुसऱ्या भागात मॅक्स क्लोईबरोबर हॉटेलात बसलेली असताना केट या तिच्या वर्गमैत्रिणीचा फोन येतो. घ्यायचा की नाही, हे आपण ठरवायचं. मी घेतला नाही, क्लोई रागावेल म्हणून. नंतर केट वसतिगृहाच्या छतावर, कठड्याशी उभी असते आणि एरवी वेळ मागे फिरवणाऱ्या मॅक्सची ती शक्ती नेमकी तिथे चालेनाशी होते. हातात उरतं ते फक्त बोलणं. तिच्या घरच्यांबद्दल, बहिणींबद्दल तुम्ही लक्ष देऊन काय पाहिलंय, तेवढंच कामी येतं. आणि तो फोन घेतला होता की नाही, याचाही हिशेब तिथेच लागतो. माझ्या हातून केट वाचली नाही. मी तो भाग पुन्हा पहिल्यापासून खेळलो आणि फोन घेतला.

तुमची पुढची प्रतिक्रियाही मी जशीच्या तशी छापेन. मात्र त्याआधी दुसरा भाग एकदा स्वतः खेळा, न पळवता. आणि केटचा फोन तुम्ही घेतलात की नाही, तेवढं कळवा.