उस्मान सईद त्या दिवशी कुठेही गेले नव्हते

मोठ्या काकांनी परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला. मथळा, 'ग्रीकांकडून शिका!' खाली ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहराच्या महापौरांची गोष्ट, पाच मुद्द्यांत. तिथे २३०० वर्षं लोकच महापौर निवडत आलेत. १९१२ साली ग्रीकांनी शहर घेतलं त्याच दिवशी तुर्क महापौराला हाकललं आणि पुन्हा त्या खुर्चीवर मुसलमान बसू दिला नाही. बाकीचे लोक मग आपणहून निघून गेले. २०१८ मध्ये परक्यांची बाजू घेणाऱ्या महापौराला जनतेने भर रस्त्यात धडा शिकवला. आणि तिथल्या एकाही महापौराने सरकारी पैशाला कधी हात लावलेला नाही. शेवटी 'किमान दहा जणांना पाठवा'.

काकांनी पाठवला. आत्याने अंगठा दिला. अकरावीतल्या पुतण्याने मला वेगळा मेसेज करून विचारलं, "हे खरंय का गं?" त्याच्यासाठी बसून लिहितेय, कारण यातलं बहुतेक सगळं खोटं आहे, आणि एक मुद्दा तर नुसता खोटा नाही, क्रूर आहे.

आधी तो 'त्याच दिवशी हाकललं'. जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे २६ ऑक्टोबर १९१२, संत दिमित्रिओसचा सण. ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्याचा सेनापती हसन तहसीन पाशाने शहर ग्रीक सैन्याच्या हवाली केलं. तेव्हाचे महापौर उस्मान सईद बे. त्यांचं काय झालं? काही नाही. ते महापौरच राहिले, १९१६ पर्यंत, ग्रीक राज्यात. १९१६ मध्ये ग्रीक नेते व्हेनिझेलॉस यांनी राजाशी फारकत घेऊन थेस्सलोनिकीतच वेगळं सरकार उभं केलं, तेव्हा उस्मान सईद यांच्या जागी कॉन्स्टंटिनोस अँगेलाकिस आले. म्हणजे पहिला ग्रीक महापौर यायला चार वर्षं लागली आणि तो आला ग्रीकांच्या आपसातल्या भांडणात. पुढचं ऐका. १९२० च्या निवडणुकीत व्हेनिझेलॉस हरले आणि उस्मान सईद पुन्हा महापौर झाले, १९२२ पर्यंत. त्याच दोन वर्षांत ग्रीक फौजा अनातोलियात मुस्तफा कमालच्या, म्हणजे पुढच्या अतातुर्कच्या, तुर्क सैन्याशी लढत होत्या. कमालचा जन्म थेस्सलोनिकीतलाच. तुर्कांशी युद्ध चालू असताना ग्रीसच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराचा महापौर मुसलमान होता! 'पुन्हा बसू दिला नाही' हे लिहिणाऱ्याने महापौरांची यादीसुद्धा उघडून पाहिलेली नाही.

असं का झालं हे समजायला एक कागद पुरतो. १९१३ साली नव्या ग्रीक प्रशासनाने स्वतःच शहराची शिरगणती केली. एकूण १,५७,८८९ माणसं. त्यांत ज्यू ६१,४३९. तुर्क ४५,८६७. ग्रीक ३९,९५६. बल्गेरियन ६,२६३. ग्रीक तिसऱ्या क्रमांकावर होते, काका. सर्वांत मोठा समाज ज्यूंचा. त्यांचे पूर्वज १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेले आणि इथे येऊन राहिले. घरात चारशे वर्षांनंतरही त्यांची जुनी स्पॅनिशच चालायची. ही मोजणी ज्यूंनी किंवा तुर्कांनी केलेली नाही, त्यामुळे 'आकडे फुगवले' ही पळवाटही नाही. 'मूळ मालकांना शहर परत मिळालं' हे मेसेजमधलं वाक्य या चार आकड्यांपुढे टिकत नाही.

आता तिसरा मुद्दा, 'आपणहून निघून गेले'. हा वाचून माझ्या हातातला फोन मी खाली ठेवला.

तुर्क गेले ते १९२३ च्या लोझानच्या करारानुसार. सक्तीची अदलाबदल होती ती. ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात जायचं, तिथल्या ख्रिश्चनांनी ग्रीसमध्ये यायचं. तुम्हाला जायचंय का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. जे लाखो ख्रिश्चन निर्वासित इकडे आले तेही घरदार टाकूनच आले.

आणि ज्यू? १९१७ च्या आगीत साडेनऊ हजार घरं जळाली, सत्तर हजारांहून जास्त माणसं उघड्यावर आली, त्यांत सर्वाधिक ज्यू. १९३१ मध्ये कॅम्पबेल नावाची त्यांची गरीब वस्ती जमावाने पेटवली. या सगळ्यातूनही पन्नास हजारांच्या आसपास माणसं शहर धरून राहिली होती. मग जर्मन आले. जुलै १९४२ मध्ये सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना एलेफ्थेरियास चौकात भर उन्हात उभं करून छळलं. १५ मार्च १९४३ ला पहिली गाडी नाझींच्या आउश्वित्झ मृत्युछावणीकडे सुटली आणि ऑगस्टपर्यंत गाड्या जात राहिल्या. पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसं नेली. परतली ती दोन हजारांच्या आत. याला 'आपणहून निघून गेले' म्हणतात?

यात महापालिकेचाही हात आहे, आणि महापौरांची कौतुकगाथा लिहिणाऱ्याने नेमकं तेच गाळलंय. शहराच्या पूर्वेला ज्यूंची प्रचंड दफनभूमी होती, तीन लाखांवर कबरी. डिसेंबर १९४२ मध्ये ती उखडायला सुरुवात झाली. परवानगी जर्मनांची, पण कुदळी चालवणारे मजूर महापालिकेचे. कबरींचे दगड फरसबंदीला, भिंतींना, बांधकामाला गेले. आज त्या जागेवर ॲरिस्टॉटल विद्यापीठ उभं आहे. तिथे साधं स्मारक व्हायला २०१४ साल उजाडलं.

ते झालं यानिस बुतारिस महापौर असताना, आणि मेसेजमधला 'धडा शिकवलेला' महापौर म्हणजे हेच. व्यवसायाने वाइनवाले. २०१० मध्ये जेमतेम तीनेकशे मतांनी निवडून आले. २०१४ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडलं. त्याच निवडणुकीत गोल्डन डॉन या नवनाझी पक्षाचा माणूस नगरसभेत आला, म्हणून बुतारिस शपथविधीला छातीवर पिवळा तारा लावून गेले, नाझींनी ज्यूंना लावायला लावलेला तोच. शहराने इतकी वर्षं गप्प राहिल्याची लाज वाटते, हे त्यांनी महापौर म्हणून बोलून दाखवलं. १९ मे २०१८ ला पाँटिक, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या, ग्रीकांच्या हत्याकांडाच्या स्मृतिदिनी ते व्हाइट टॉवरपाशी झेंडा उतरवण्याच्या कार्यक्रमाला गेले होते, म्हणजे ग्रीकांच्याच दुःखात सामील व्हायला. तिथे टोळक्याने त्यांना पाडून लाथा घातल्या. वय ७५. दवाखान्यात न्यावं लागलं. याला जनता म्हणू नका. जनतेने त्यांना दोनदा मतं दिली होती.

२३०० वर्षांचं म्हणाल, तर त्यात अर्धा कण खरा आहे, तो मान्य करते. इ.स.पू. ३१५ च्या सुमारास कॅसँडरने शहर वसवलं आणि तिथे 'पोलितार्ख' नावाचे नगराधिकारी होते. बायबलमध्ये 'प्रेषितांची कृत्ये'च्या सतराव्या अध्यायात त्यांचा उल्लेख आहे, आणि त्यांचा शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण पोलितार्खांपासून आजच्या महापौरापर्यंत सरळ दोरी ओढता येत नाही. १४३० पासून शहर ऑटोमनांचं. आधुनिक नगरपालिकाच मुळी ऑटोमन सुधारणांतली, १८६९ च्या सुमाराची. १९३६ नंतरच्या मेटाक्सासच्या हुकूमशाहीत आणि १९६७ ते १९७४ च्या लष्करी राजवटीत महापौर वरून नेमले जात. बायकांना नगरपालिकेत पहिल्यांदा मत मिळालं ते १९३४ मध्ये, तेही तिशी ओलांडलेल्या आणि लिहिता-वाचता येणाऱ्यांनाच. मग 'लोकच' म्हणजे कोण?

पैशाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. बुतारिस यांच्या आधीचे महापौर वासिलिस पापायोर्गोपुलोस, एके काळचे नावाजलेले धावपटू. पालिकेच्या तिजोरीतल्या जवळपास १.८ कोटी युरोंच्या अपहाराबद्दल २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, जन्मठेप सुनावली. अपिलात ती कमी झाली.

काका, तुम्ही तो मेसेज आपल्या ग्रुपशिवाय सोसायटीच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवरही टाकलाय, आत्या म्हणाली. तिन्हीकडून काढा. आणि काढलात की तिथे १९१३ चे ते चार आकडे तेवढे टाका.