मजुरांच्या हौसेला कृपा म्हणू नका

अमेरिकेच्या औद्योगिक भरभराटीवरचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. 1870 ते 1910 या काळात मौजमजा आणि फॅशन ही कोट्यधीशांचीच मिरास होती. मजुरांना मिळाली ती फुरसत यंत्रांनी आणि उदार मालकांनी दिली. आणि कारखान्यातल्या पोरी कपड्यांवर पैसे उधळायच्या, ते बड्या घरच्या बायकांची नक्कल म्हणून. तिन्ही विधाने चुकीची आहेत. तिसरे तर मला अन्यायाचे वाटते.

आधी मिरासदारीबद्दल. डोळे दिपवणारी श्रीमंती होती, यात वाद नाही. 26 मार्च 1883 ला न्यूयॉर्कमध्ये कोट्यधीश व्हँडरबिल्ट घराण्यातल्या अल्वाने दिलेल्या, सोंगे घेऊन यायच्या मेजवानीत तिची जाऊ चक्क 'विजेचा दिवा' बनून आली होती. पण त्याच सुमाराला बेसबॉलच्या मैदानावर काय चालले होते तेही बघा. नॅशनल लीग ही तेव्हाची बेसबॉलची मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिचे तिकीट 50 सेंट, रविवारी खेळ नाही, बिअर नाही. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्याने जायचे कधी? 1882 मध्ये अमेरिकन असोसिएशन ही दुसरी लीग उभी राहिली. तिचे तिकीट 25 सेंट, जिथे चालेल तिथे रविवारी सामने आणि मैदानावर बिअरही. पुढे न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी कोनी आयलंडवर 1897 मध्ये स्टीपलचेस आणि 1903 मध्ये लूना पार्क ही करमणुकीची उद्याने सुरू झाली, तिथली गर्दी मजूर आणि कारकुनांचीच होती. दारे बंद होती ती काळ्या माणसांना. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा बेसबॉलपटू 1884 मध्ये टोलेडोच्या संघाकडून खेळला, त्यानंतर थेट 1947 पर्यंत मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू दिसला नाही. मिरासदारीबद्दल बोलायचे तर याबद्दल बोला. त्या मजकुरात याचा उल्लेखही नाही.

दुसरा मुद्दा मालकांच्या कृपेचा. 5 सप्टेंबर 1882 ला मंगळवार होता. न्यूयॉर्कच्या हजारो कामगारांनी त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून मोर्चा काढला आणि नंतर बायकापोरांसह एल्म पार्कमध्ये सहल केली. तोच पहिला 'लेबर डे'. सरकारने त्याला देशभर सुट्टीचा दर्जा द्यायला 1894 उजाडले. 'आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आमच्या मर्जीचे' ही मागणी घेऊन 1886 च्या मे महिन्यात लाखो कामगार संपावर गेले. त्याच महिन्यात शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला, त्या प्रकरणात पुढे चौघांना फाशी झाली. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयसुद्धा रविवारी आपण होऊन उघडले नाही. लोकांनी सह्यांचे अर्ज करून पिच्छा पुरवला, तेव्हा 1891 मध्ये दार उघडले.

आता त्या पोरींबद्दल. त्या काळातला सगळ्यात खपाचा कपडा म्हणजे शर्टवेस्ट. पुरुषी शर्टाच्या धर्तीचा, समोर बटणांचा, स्कर्टमध्ये खोचायचा तयार ब्लाउज. कॉलेजात जाणारी तो घालायची, टायपिस्ट घालायची आणि तो शिवणारीही घालायची. यात नक्कल कुणी कुणाची केली?

क्लारा लेमलिच ही शर्टवेस्ट शिवणारी कामगार. तिने 1909 मध्ये वर्तमानपत्रात कारखान्याची हकीकत लिहिली. एखादीकडे नवी टोपी असते, फार तर 50 सेंटांची. कारखान्यात ती टांगायला धड जागा नसते, त्यामुळे दिवसभरात खराब होते. आम्ही माणसे आहोत, तरुण आहोत, आम्हालाही इतर मुलींसारख्या नव्या टोप्या आवडतात, असे तिने सरळ लिहिले. टोपीची खुंटी आणि पोटाचा प्रश्न तिच्या लेखी वेगळे नव्हते. त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहातल्या कामगारांच्या सभेत ती यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या भाषेतून, बोलायला उभी राहिली आणि वीस हजारांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यात बहुतेक तरुण मुलीच होत्या. चांगले कपडे आणि टोप्या घालून त्या फाटकासमोर उभ्या राहिल्या, तर 'या कुठे गरीब दिसतात?' अशी शंका घेणारे तेव्हाही निघाले. आज फिरणाऱ्या मजकुराचा सूर नेमका तोच आहे.

न्यूयॉर्कच्या ट्रँगल या शर्टवेस्ट कारखान्यातल्या मुलीही त्या संपात होत्या. मालकांनी युनियनला मान्यता दिली नाही. 25 मार्च 1911 ला तिथे आग लागली. एक दार कुलूपबंद होते. 146 जण गेले, बहुतेक इटालियन आणि ज्यू घरांतल्या तरुण मुली. शनिवार होता, पगाराचा दिवस, आणि सुटी व्हायला काही मिनिटेच उरली होती.