शेजारच्या भाषेतली शाळा

पहिलीपासून हिंदीचा वाद महाराष्ट्रात 2025च्या एप्रिलमध्ये पेटला आणि 29 जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. इथे पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, त्या बातम्या वाचताना एक युक्तिवाद सारखा समोर येत होता: लिपी एकच आहे, मुलं आपोआप शिकतील. उत्तरेतून आलेल्या मजुरांच्या मुलांबद्दलही हेच ऐकू येतं. त्यांना मराठी काय, चार महिन्यांत येईल! युक्रेनच्या मुलांबद्दल पोलंडमध्ये हेच इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचा राग येतो.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने हल्ला केला आणि लाखो बायका-मुलं सीमा ओलांडून इथे आली. दोन्ही भाषा स्लाव्ह कुळातल्या, माणसं दिसायलाही सारखी. शेजारचीच तर आहेत, रुळतील, असं सगळ्यांनी धरून चाललं. मुलं खरंच लवकर पोलिश बोलू लागली, मैदानावर, जिन्यात, बसमध्ये. घात तिथेच झाला. खेळताना फडाफडा बोलणाऱ्या मुलाला गणितातलं शाब्दिक उदाहरण कळलं नाही, की शिक्षकांना वाटतं, हा कच्चा आहे किंवा आळशी आहे. व्हिएतनामी बोलणाऱ्या मुलाची अडचण पहिल्या दिवशीच दिसते, या युक्रेनियन मुलाची दिसतच नाही.

पुन्हा बारीकसारीक गोष्टी वेगळ्याच. युक्रेनमध्ये गुण बारापैकी, इथे 1 ते 6. इथला 5 म्हणजे फार चांगला, पण नव्याने आलेलं मूल तो बघून हिरमुसतं. अक्षरं युक्रेनची सिरिलिक सोडून रोमन. आणि इतिहास! 1648च्या कोसॅक (युक्रेनमधल्या लढवय्यांच्या) उठावाचा नेता बोहदान ख्मेल्नित्स्की युक्रेनच्या पाच ह्रिव्नियांच्या नोटेवर आहे; पोलिश इतिहासात तो पोलंडचं राज्य खिळखिळं करणाऱ्या बंडाचा म्होरक्या. 1943 मध्ये व्होलिनमध्ये, आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या भागात, युक्रेनियन बंडखोरांनी केलेली पोलिश गावकऱ्यांची कत्तल हा तर इथला आजही न भरलेला घाव. तो धडा चालू असताना तेरा वर्षांच्या मुलाने मान कुठे वळवायची? बंगालमध्ये मराठा स्वारांची लुटारू 'बर्गी' म्हणून कशी आठवण काढतात हे ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना तरी ही कोंडी समजावी.

पोलंड हातावर हात धरून बसला नाही. पोलिशचे जादा तास दिले, काही ठिकाणी तयारीचे वर्ग काढले, सप्टेंबर 2024 पासून या मुलांना पोलिश शाळा सक्तीची केली. त्याआधी बरीच मुलं फक्त युक्रेनच्या ऑनलाइन शाळेत होती. मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते वर्गात बसणारे युक्रेनियन भाषक सहायक. त्यांच्यातल्या कित्येक जणी स्वतः निर्वासित शिक्षिका आहेत. मूल आळशी आहे की त्याला प्रश्नच कळला नाही, हे त्यांना चटकन समजतं. पण प्रत्येक शाळेत त्या नाहीत.

बिहारमधून पुण्यात आलेलं मूल निर्वासित नाही, त्याच्या घरावर बॉम्ब पडलेला नाही, हे मी विसरत नाही. पण वर्गातली त्याची अडचण याच जातीची आहे. 2020च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आणि मी त्या कायद्याच्या बाजूने आहे. मात्र सक्ती करणाऱ्या सरकारने शिक्षकही द्यायला हवा. दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेला एक माणूस अशा मुलांच्या शाळेत हवा, पहिलं वर्षभर तरी. मराठीच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्यांनी हीही मागणी तितक्याच जोराने लावून धरावी.