नुसतं बोलायचं असलं तरी कांजी लागते

जपानी शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतोय: 'फक्त बोलायचंय ना? मग कांजीच्या नादी लागू नका. ही चिनी अक्षरं कागदावरची, बोलण्यात येतच नाहीत. उच्चार सारखा असला तरी संदर्भावरून कळतं, आणि नाव तर कानाला ऐकू आलं की झालं.' नवी मुलं हे ऐकून कांजी सोडून देतात, म्हणून लिहितेय.

आधी संदर्भाचं. ते बरंचसं खरं आहे. 'हाशी' म्हणजे पूल की जेवायच्या काड्या, हे टोकियोत सुरावरूनही कळतं. पण विज्ञानही 'कागाकु' आणि रसायनशास्त्रही 'कागाकु'. 'मी कागाकु शिकवतो' यात संदर्भ काय करणार? म्हणून रसायनशास्त्राला बोलताना 'बाकेगाकु' म्हणतात. एकच कांजी वेगवेगळ्या प्रकारे वाचतात; त्यातल्या पहिल्या अक्षराचं दुसरं वाचन 'बाकेरु', म्हणजे रूप पालटणं. ते घेऊन शब्द वेगळा केला. खासगी आणि नगरपालिकेची शाळा, दोन्ही 'शिरित्सु'. तिथेही अशीच 'वाताकुशिरित्सु' आणि 'इचिरित्सु' ही जोडी.

नावांबद्दलचं म्हणणं मात्र साफ चूक. नाव सांगितलं की समोरचा विचारतो, 'दोन्ना कांजी देसु का?', म्हणजे कोणती कांजी? युमी सांगते: 'जियूमधलं यु, उत्सुकुशीइमधलं मी.' जियू म्हणजे स्वातंत्र्य, उत्सुकुशीइ म्हणजे सुंदर. आता 'उत्सुकुशीइ'मध्ये 'मी' शोधा. कानाला सापडणारच नाही! 'सुंदर'चं अक्षर नावात 'मी' वाचतात, हे ठाऊक असेल तरच वाक्य कळतं. ताकाहाशी आडनावाचा एखादा माणूस 'हाशिगोदाका', म्हणजे शिडीवाला ताका, म्हणतो, कारण त्याच्या 'ताका'त शिडीसारखा आकार असतो. कावाई आडनावातला 'कावा' तीन रेघांचा की पाण्याच्या तीन थेंबांचा, म्हणजे 'सानझुइ'चा, हेही तोंडीच सांगतात. आपण फोनवर 'पोटफोड्या ष' म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याने ते अक्षर पाहिलेलं असावं लागतंच ना?

नाव म्हणजे अक्षरं, हे तिथे किती खोल आहे बघा: कोसेकीत, म्हणजे कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत, नावाचा उच्चार कायद्याने आला तो 26 मे 2025 ला.

राहिली 2,136 नित्य वापराच्या कांजींची भीती. जपानी मुलंही प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत 1,026 च शिकतात. तुम्ही आडनावांतल्या यामा, कावा, ता, नाका यांपासून सुरुवात करा आणि अक्षरांच्या भागांची नावं तोंडात बसवा. 'निनबेन' ऐकलं की अक्षराच्या डावीकडे उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे आला पाहिजे.