सीझ, अटॅच, कॉन्फिस्केट: गावात सगळ्यांची एकच ‘जप्ती’

रेतीचा ट्रॅक्टर तहसीलदारानं उभा केला, जप्ती. सोसायटीचं कर्ज थकलं अन् वावरावर नोटीस लागली, तीही जप्ती. सागवानाची गाडी वनवाल्यांनी धरली, पुन्हा जप्तीच. एकाच शब्दात सगळं कोंबल्यामुळं कास्तकार नको तिथं घाबरतो, अन् जिथं धावपळ करायची तिथं घरी बसून राहतो. कागद हाती आला की त्यात इंग्रजी क्रियापद कोणतं आहे ते आधी बघा.

सगळ्यात जड शब्द कॉन्फिस्केट. त्याच्या पोटात लॅटिनचा ‘फिस्कस’ आहे. मूळ अर्थ टोपली, मग पैशाची थैली, मग बादशहाचा खजिना. वस्तू त्या टोपलीत गेली की मालकी संपली. मराठीत याला ‘सरकारजमा’ असा चोख शब्द आहे, पण बातम्यांमध्येही ‘जप्त’ लिहून मोकळे होतात. मास्तरनं पोराचा मोबाइल कॉन्फिस्केट केला, असं इंग्रजीत खुशाल म्हणतात अन् तो संध्याकाळी परतही मिळतो. कायद्याच्या कागदावर तेवढी सवलत नाही.

सीझ म्हणजे नुसतं ताब्यात घेणं. मालक तुम्हीच. (गॅरेजवर ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतात तेही हेच क्रियापद; तिथं पिस्टन धरला जातो.) इथं सगळा खेळ पंचनाम्याचा. ‘ट्रॅक्टर ट्रॉलीसह’ एवढंच लिहिलं असेल तर सही करण्याआधी इंजिन नंबर, चेसिस नंबर, बॅटरी, टायरची हालत, टूलबॉक्स लिहून घ्या. चार महिन्यांनी गाडी सुटते तेव्हा बॅटरी नसते, अन् ती होती हे दाखवायला कागदही नसतो. 1 जुलै 2024 पासून पोलिसांना जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. गाडी पोलिसांकडं असेल तर सुपूर्तनाम्यावर (म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची हमी लिहून) सोडवायला कोर्टात अर्ज लगेच टाका. वाहनं ठाण्यात सडवत ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच सांगितलं आहे.

वनखात्याचं मात्र वेगळं. तिथं आधी सीझ होतं, मग खात्याचाच अधिकारी कॉन्फिस्केटची कारवाई चालवतो अन् त्याआधी लेखी नोटीस देतो. गडचिरोली-चंद्रपूरकडं नेहमीची चूक हीच: ‘केस कोर्टात आहे, तिथं पाहू’ म्हणून नोटिशीला उत्तरच देत नाहीत. फौजदारी खटला अन् ही कारवाई वेगवेगळ्या चालतात. खटल्याची तारीख लागेपर्यंत गाडी सरकारजमा होऊन बसते.

अटॅच म्हणजे टाच. वस्तू जागेवरच, पण तिला बांधून ठेवलं. वावर अटॅच झालं तर वाही-पेरी थांबत नाही. विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं थांबतं. टाच असताना खरेदीखत केलं तर ते डिक्रीवाल्यापुढं, म्हणजे ज्याच्या बाजूनं कोर्टानं वसुलीचा हुकूम दिला त्याच्यापुढं, टिकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 प्रत्येकानं वाचावं असं आहे: अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रीतीप्रमाणं बाईला उतरवता न येणारा दागिना, शेतकऱ्याचं राहतं घर, औजारं अन् कोर्टाला जरूर वाटतील तेवढी बैलं-बियाणं, यांना टाच लागत नाही. सूर्य मावळल्यावर बेलिफला (कोर्टाचा हुकूम बजावणाऱ्या माणसाला) घरात शिरता येत नाही. म्हणून रात्री आठला दारात उभं राहून ‘जप्ती आणली’ म्हणणारा माणूस कोर्टाचा हुकूम बजावायला आलेला नसतो, बहुतेक वसुलीवालाच असतो.

बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सारफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. हे ऐकून बरेच निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला वावरालाही लागतो, अन् त्यात लिलावापर्यंत मजल जाते.

इम्पाउंड म्हणजे सरळ कोंडवाडा. जनावरालाही तेच अन् कमी स्टॅम्पवर केलेल्या ईसारचिठ्ठीलाही तेच. चिठ्ठी कोर्टात दाखल केली की तिथंच अडकवून ठेवतात, अन् मग कमी पडलेल्या मुद्रांकासोबत महिन्याला 2 टक्के दंड भरावा लागतो.

अन् टाच उठल्यावरचं काम कोणी करत नाही. पैसे भरले, पावती घेतली, घरी आले. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद तशीच राहते. टाच उठवल्याच्या आदेशाची नक्कल घ्या, पटवाऱ्याकडं अर्ज द्या, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून त्या रकान्यावर बोट ठेवून बघा.